भिंतीचा अभ्यास

जागा पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम भिंतींकडे पाहतो. भिंतीस ओल आली आहे काय, कोठे तडा गेला आहे काय, पलीकडच्या बिऱ्हाडातील बोलणे ऐकू येते काय, याची चौकशी केल्यावाचून कोणी शहाणा गृहस्थ बयाणा देत नाही. परंतु ज्या भिंतींवर आपले अन्न, आपले वस्त्र आणि आपले वाचन ही तिन्ही अवलंबून आहेत, त्यांची चौकशी आपल्यापैकी कितीजण करतात? या भिंती नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीत. वनस्पतीच्या प्रत्येक सूक्ष्म पेशीभोवती तिची स्वतःची एक भिंत असते. शास्त्रीय परिभाषेत तिला पेशीभित्तिका म्हणतात. प्राण्यांच्या पेशींस ती नसते. म्हणूनच आपणांस उभे राहण्यास हाडे लागतात, आणि वडाच्या अंगी एकही हाड नसता तो पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. अंगावरचे सुती वस्त्र म्हणजे अशा भिंतीच होत. कापसाचा प्रत्येक तंतू ही लांबच लांब वाढलेली एकच पेशी असते आणि तो पक्व होऊन वाळला म्हणजे त्यात बहुतेक भिंतच काय ती उरते. हे मासिक ज्या कागदावर छापले जाते तोही भिंतींचाच लगदा. पानातल्या भाजीचा जो भाग आपणांस पचत नाही, पण ज्यावाचून पोट साफ राहत नाही, तोही हाच.

हा विषय आमच्या विचारात येण्यास कारण आमच्या घरातील एक मुलगी. आमचे कुटुंब एकत्र आहे. वाशीस एकाच मजल्यावरील दोन लगतच्या जागांत आम्ही सारे मिळून अकरा माणसे राहतो. दारे दोन असली तरी चूल एक आहे. मधल्या भावाची मुलगी गेल्या वर्षी वनस्पतिशास्त्रात एम्.एस्सी. झाली. तिला एका संशोधनसंस्थेत जागा मिळाली, शिष्यवृत्तीही मिळाली, आणि फळ पिकताना त्याच्या पेशीभित्तिकेत कोणते रासायनिक फेरफार होतात, हा विषय तिने घेण्याचे ठरविले. काम निदान पाच वर्षांचे. त्याच सुमारास एका औषधांच्या कारखान्यातील चांगल्या पगाराची नोकरीही तिच्यापुढे होती, आणि एक-दोन स्थळेही सांगून आली होती. साहजिकच एका रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर घरातील वडील मंडळी बसली आणि प्रश्न निघाला, की या अभ्यासाचा उपयोग काय?

आमचे थोरले बंधू स्थापत्य-अभियंता. १९७० साली सिडको स्थापन होऊन खाडीच्या या तीरावर नवे शहर उभे राहू लागले. त्यातील इमारतींच्या कामांत त्यांचे निम्मे आयुष्य गेले. ते म्हणाले, “आंबा पिकतो हे जगास ठाऊक आहे. तो कसा पिकतो हे पाहण्यात ऐन उमेदीची पाच वर्षे घालावयाची?” प्रश्न रोकडा होता, आणि तो कुत्सितपणे विचारलेला नव्हता. ज्याने घरासाठी आयुष्यभर कष्ट केले त्यास घरातील मुलीच्या पाच वर्षांचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे, असे आम्हांस वाटते. त्या हिशेबाचे उत्तर आम्ही पुढे कित्येक दिवस मिळेल तेथून जमवीत होतो. ते येथे वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम ही भिंत आहे तरी कशी? १६६५ साली इंग्लंडात रॉबर्ट हूक याने बुचाच्या सालीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्यास मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांस त्याने मठातील खोल्यांवरून ‘सेल’ हे नाव दिले. आपण आज ज्यास पेशी म्हणतो तिचे नाव असे भिंतीवरून पडले आहे. कारण बुचातील पेशी केव्हाच मेलेल्या होत्या आणि हूकला दिसल्या त्या नुसत्या भिंतीच. पुढे १८२५ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने फळांतील गोठविणारे द्रव्य वेगळे करून त्यास पेक्टिन म्हटले, आणि १८३८ साली त्याचाच देशबंधू आंसेल्म पायां याने लाकडातील मुख्य द्रव्य शोधले, ते सेल्युलोज. सेल्युलोज हे साखरेच्याच एका जातीचे, ग्लुकोजचे, हजारो मणी ओवून झालेले सरळ सूत्र आहे. अशी कित्येक सूत्रे शेजारी शेजारी चिकटून एक बळकट तंतू होतो.

थोरल्या बंधूंस समजेल अशी उपमा मुलीनेच दिली. ती म्हणाली, “मोठे काका, तुमच्या खांबात सळ्या असतात, सळ्यांस बांधणाऱ्या रिंगा असतात आणि सभोवती काँक्रीट असते. येथे सेल्युलोजचे तंतू म्हणजे सळ्या, हेमिसेल्युलोज नावाची द्रव्ये म्हणजे रिंगा, आणि पेक्टिन म्हणजे त्यांच्यामधील गिलावा. दोन शेजारच्या पेशींस एकमेकींस चिकटवून ठेवणारा चुनाही पेक्टिनच. फरक इतकाच, की तुमचा खांब वाढत नाही, आणि माझ्या भिंतीस पेशीबरोबर वाढावे लागते.” हा फरक लहान नाही. भिंत न फुटता ताणली जाते कशी, हे कोडे फार दिवस सुटले नव्हते. १९९२ साली अमेरिकेतील डॅनियल कॉसग्रोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी काकडीच्या कोवळ्या रोपांतून दोन प्रथिने वेगळी काढली. ती भिंतीस कापीत नाहीत. तंतू आणि रिंगा यांची मिठी किंचित सैल करतात, म्हणजे भिंत सरकते आणि पुन्हा घट्ट होते. त्यांस एक्स्पान्सिन असे नाव पडले. रोज सकाळी कोशिंबिरीस चिरावयाच्या काकडीत एवढा कारभार चालतो, हे ऐकून आमच्या मातोश्रींनी हातातील काकडी क्षणभर निरखून पाहिली आणि मग निमूटपणे चोचवून घेतली.

आता स्वयंपाकघराकडे वळू. कारण तेथील कारभार थोरल्या वहिनींचा आहे, आणि त्यांचे कायदे आमच्या घरात कोणी मोडीत नाही. आमटीस चिंच किंवा आमसूल घालावयाचे ते डाळ पुरती शिजल्यावर. आधी घातले तर डाळ दडदडीत राहते. पुरणाच्या डाळीस गूळ घालावयाचा तोही ती बोटांत चुरडली जाईल इतकी मऊ झाल्यावर. छोले किंवा वाल हटून बसले तर चिमूटभर सोडा. जुनी डाळ असेल तर रात्रभर भिजवूनही ती नव्या डाळीसारखी व्हावयाची नाही. हे नियम वहिनींस त्यांच्या सासूकडून मिळाले, सासूस तिच्या सासूकडून. ‘का?’ असे कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तर ‘तसेच असते’ यापलीकडे उत्तर मिळाले नसते.

मुलीने एका संध्याकाळी डाळ निवडता निवडता या साऱ्या नियमांचे कारण एकच असल्याचे दाखविले. डाळ शिजते म्हणजे काय होते? उष्णतेने पेशींमधले पेक्टिन तुटून पाण्यात उतरते, पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, आणि आपण म्हणतो डाळ मऊ झाली. आंबटपणा असला म्हणजे पेक्टिनचे हे तुटणे मंदावते. म्हणून चिंच मागाहून. सोड्याच्या खारटपणाने, म्हणजे शास्त्राच्या भाषेत अल्कलीने, तेच तुटणे जलद होते, म्हणून सोडा. पेक्टिनच्या दोन सूत्रांमध्ये कॅल्शियम शिरले तर ते दोन्हींस हात देऊन धरून ठेवते आणि गिलावा पक्का होतो. गुळात कॅल्शियम असते, किंचित आंबटपणा असतो, आणि साखर तर असतेच. या तिन्हींच्या कचाट्यात अर्धकच्ची डाळ सापडली की ती तशीच राहते. जुन्या डाळीविषयी शास्त्रज्ञांची एक प्रमुख उपपत्ती अशी, की साठवणीत तिच्यातील फायटेट नावाचे द्रव्य हळूहळू मोडते, त्याने धरून ठेवलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम मोकळे होते, आणि ते जाऊन भिंतीतील पेक्टिनास पकडते.

हे ऐकताना वहिनी एकदम म्हणाल्या, “म्हणजे गावच्या विहिरीचे पाणी!” आम्हांस उलगडा होईना, तेव्हा त्यांनी सांगितले. लग्न होऊन त्या सोलापूर जिल्ह्यातील आमच्या मूळ घरी आल्या तेव्हा विहिरीच्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नसे, आणि नव्या सुनेस डाळ शिजविता येत नाही असा बोल त्यांस लागला होता. पुढे बिऱ्हाड वाशीस आले. येथे मोरबे धरणाचे पाणी. तीच डाळ, तेच हात, आणि शिटी एक कमी! विहिरीचे पाणी कठीण, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांनी भरलेले. धरणाचे त्या मानाने मृदू. वहिनींचा तो बोल चाळीस वर्षांनी उतरला. त्या हसत होत्या, परंतु त्यांचे डोळे भरून आल्याचे आमच्या दृष्टीतून सुटले नाही. पूर्वी ज्यांनी बोल लावला ती माणसे आता नाहीत, आणि त्यांच्याशी वहिनींचे भांडणही नाही. परंतु आपला दोष नव्हता हे कळणे ही काही लहान प्राप्ती नव्हे. नियम हाती असून कारण ठाऊक नसले, म्हणजे पाणी बदलताच नियम पांगळा होतो आणि दोष माणसाच्या माथी येतो, हा धडा आम्ही त्या दिवशी टिपून ठेवला.

हेच कॅल्शियम दुसरीकडे आपण मुद्दाम घालतो. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवतात, त्या याचसाठी; चुन्यातील कॅल्शियमने भिंत पक्की झाली म्हणजे पाकात उकळूनही फोड गळत नाही. पेरूच्या जेलीस अगदी पिकलेले पेरू चालत नाहीत, थोडे करकरीत लागतात, याचेही कारण तेच. पूर्ण पिकलेल्या पेरूत पेक्टिन तुटून गेलेले असते, आणि तुटलेल्या सूत्रांचे जाळे विणले जात नाही.

येथून आंब्याकडे येणे सोपे आहे, आणि वाशीस राहणाऱ्यास तर ते टाळताही येत नाही. मुंबईचा घाऊक फळबाजार पूर्वी क्रॉफर्ड मार्केटात होता, तो आता आमच्या गावी आहे. चैत्र-वैशाखात कोकणच्या पेट्यांनी भरलेल्या मोटारी पहाटेपासून बाजारसमितीच्या आवारात शिरू लागतात, आणि वारा तिकडून आला म्हणजे आमच्या गच्चीवर बसल्या बसल्या हंगाम कळतो. हापूस झाडावर पिकवीत नाहीत. तयार झालेले, पण हिरवे व टणक फळ देठासह उतरवितात आणि भाताच्या पेंढ्यात आढी घालतात. आठ-दहा दिवसांत ते पिवळे, मऊ आणि गोड होते. या अवधीत आत काय घडते? फळ एथिलीन नावाचा वायू स्वतःच निर्माण करते. फळे हा वायू सोडतात हे १९३४ साली इंग्लंडात रिचर्ड गेन यांनी सफरचंदावरून सिद्ध केले. हा वायू म्हणजे पिकण्याची आज्ञा. आढीत तो कोंडला जातो, म्हणून एका फळाची आज्ञा शेजारच्या फळांसही पोहोचते. आज्ञा मिळताच पिष्टाची साखर होऊ लागते, सालीतील हिरवा रंग विरून पिवळा दिसू लागतो, आणि फळ काही विकरे, ज्यांस इंग्रजीत एन्झाइम म्हणतात, तयार करून स्वतःच्याच भिंतींवर सोडते. एक पेक्टिनवरील आवरण काढते, दुसरे सूत्र मध्येच तोडते, तिसरे बाजूच्या फांद्या छाटते. मऊपणा म्हणजे कुजणे नव्हे. आतल्या आत, ठराविक क्रमाने आणि फळाच्याच हुकुमाने केलेली ती मोडणी आहे. बीजास बाहेर जाता यावे म्हणून घर स्वतः दार सैल करते.

हा क्रम एकदा ध्यानी आला म्हणजे कॅल्शियम कार्बाइडने पिकविलेल्या आंब्याचा दोष काय, ते निराळे सांगावे लागत नाही. कार्बाइडास ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो. तो एथिलीनचा दूरचा नातेवाईक; त्याची आज्ञा फळ अर्धवट मानते. व्यापारी घाईने न भरलेले फळ उतरवितो, साल पिवळी होते, ग्राहक फसतो. पण आतील साखर आणि भिंतीची मोडणी यांस पुरते साहित्यच नसते, म्हणून फळ रंगाने पिकलेले व चवीने कच्चे राहते. शिवाय बाजारातील कार्बाइडात आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात. म्हणून भारतात त्याने फळे पिकविण्यास बंदी आहे. २०११ च्या अन्नसुरक्षा-नियमांतही ती आहे. त्याऐवजी २०१६ पासून एथिलीन वायूस, हवेच्या दहा लक्ष भागांत शंभर भागांपर्यंत, अनुज्ञा आहे. पेंढ्यातील आढी आजीबाईंची आणि एथिलीनची खोली शास्त्रज्ञांची असे आपण मानतो. वस्तुतः दोन्हींत काम करणारा वायू एकच.

हापुसाचा आणखी एक वैरी आहे, साका. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापावे, आणि आत कोयीलगत पांढुरका, पोकळसर, आंबट गर निघावा! तेथे पिष्ट तसेच राहिलेले असते आणि भिंतींची मोडणी झालेली नसते. बंगळूरच्या भारतीय उद्यान-अनुसंधान संस्थेतील रवींद्र आणि शिवशंकर यांनी २००४ व २००६ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत याचे मूळ कोयीत दाखविले: फळ पिकण्याच्या आधीच बीज उगवणीच्या तयारीस लागते, आणि त्याचा भुर्दंड गरास पडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दुसरी वाट धरून १९८१ साली ‘रत्ना’ ही नीलम व हापूस यांच्या संकरातून झालेली जात दिली, तिच्यात साका होत नाही. पण हापूस तो हापूसच, असे म्हणणाऱ्यांची समजूत अजून कोणी घालू शकलेले नाही.

थोरल्या बंधूंस स्वयंपाकघर व बाजार यांचे दाखले पटले, तरी ते म्हणाले, “हे सारे जिभेचे झाले. भिंत म्हणजे काही अडवील तेव्हा भिंत.” त्यावर मुलगी त्यांस सकाळच्या फेरफटक्यात खाडीकाठी घेऊन गेली, आम्हीही गेलो. वाशीच्या पुलाच्या दोन्ही अंगांस चिखलात तिवरांचे बन आहे. २०२२ साली ठाणे खाडीस रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तीत या बनाचा वाटा मोठा. दिवसातून दोनदा भरतीचे खारे पाणी या झाडांच्या पायांशी येते. दुसरे कोणतेही झाड त्या पाण्याने मरून जाईल. तिवराच्या मुळातील आतल्या पेशींच्या भिंतींत सुबेरिन नावाचे मेणासारखे द्रव्य भरलेले असते, तेच जे हूकच्या बुचात होते. त्यामुळे पाण्यास भिंतींमधून आडवाटेने आत शिरता येत नाही. त्यास पेशीच्या दारातूनच जावे लागते, आणि दारात मीठ अडविले जाते. सुमारे नऊ-दशांश मीठ बाहेरच राहते. उरलेले पानांवरील सूक्ष्म ग्रंथी बाहेर टाकतात. मुलीने एक पान खुडून काकांच्या हाती दिले. त्यांनी ते जिभेस लावले, तोंड वेडेवाकडे केले, आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले. खाऱ्या हवेने गंजलेल्या सळ्या आणि फुगून पडलेला गिलावा यांच्याशी त्यांनी या शहरात चाळीस वर्षे झुंज दिली आहे. शेवटी ते एवढेच म्हणाले, “हे आम्हांस साधले नाही.”

तरीही पाच वर्षे कशास, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर कामाच्या रीतीत आहे. मुलगी आंब्याचा गर घेऊन तो उकळत्या मद्यार्कात धुते, म्हणजे साखर व रंग निघून जातात आणि भिंत तेवढी उरते. ती भिंत मग क्रमाने सोलावयाची: आधी पाण्याने, मग कॅल्शियम पकडून नेणाऱ्या द्रव्याने, मग सौम्य अल्कलीने, शेवटी तीव्र अल्कलीने, तळाशी राहते ते सेल्युलोज. प्रत्येक धुण्यात काय उतरले ते पुन्हा मोडून त्यातील साखरेच्या जाती मोजावयाच्या. कच्च्या फळात पेक्टिन घट्ट बांधलेले असते. फळ पिकत जाईल तसतसे ते पहिल्या, पाण्याच्या धुण्यातच अधिकाधिक उतरू लागते. हे एका फळाचे, एका दिवसाचे. आंबा वर्षातून एकदाच येतो; एक हंगाम हुकला की दहा महिने वाट पाहावी लागते. पाच वर्षे म्हणजे पाच हंगाम. याहून काही नाही.

आणि घाई केली तर काय होते, याचाही दाखला आहे. भिंत मऊ करणाऱ्या विकरांत पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज हे मुख्य, असा समज होता. कॅलिफोर्नियातील कॅल्जीन कंपनीने टोमॅटोत त्याचे जनुक दाबून टाकले आणि १९९४ साली ते टोमॅटो बाजारात आणले. जनुकांत फेरफार करून विक्रीस आलेले ते पहिले अखंड खाद्य. अपेक्षा अशी, की फळ वेलीवर पिकूनही टणक राहील. परंतु ते अपेक्षेइतके टणक राहिले नाही, धंद्यात खोट आली, आणि १९९७ साली ते बाजारातून गेले. पुढे २०१६ साली इंग्लंडात नॉटिंगहॅम येथील ग्रॅहॅम सेमूर व त्यांचे सहकारी यांनी पेक्टेट लायेज नावाचे दुसरेच विकर दाबले, तेव्हा टोमॅटो रंगाने व चवीने पिकून टणक राहिला. मधली बावीस वर्षे रिकामी गेली नाहीत. त्यांत कोणी ना कोणी भिंत धूत, सोलत आणि मोजत बसले होते.

अशा बसण्यास घरातून माणूस मिळावे लागते. येथे आम्हांस कमलाबाई सोहोनी यांचे स्मरण होते. त्यांचा विषय पेशीभित्तिका नव्हता, परंतु वनस्पतींचे जीवरसायन हेच त्यांचे क्षेत्र. १९११ साली भागवतांच्या घरी जन्मलेली ही मुलगी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. तिने हट्ट सोडला नाही. अखेर एक वर्षाच्या परीक्षेच्या अटीवर तिला घेतले गेले. पुढे केंब्रिज येथे बटाट्यावर काम करून वनस्पतींतही सायटोक्रोम सी हे श्वसनास आवश्यक द्रव्य असते असे तिने दाखविले, आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळविली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्यावर कडधान्ये व नीरा यांवर त्यांनी विद्यार्थ्यांसह काम केले. थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत यांचे नाव मराठी वाचकांस सांगावयास नको. कमलाबाईंचे वडील व काका हे दोघेही बंगळूरच्या त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकले होते. संस्थेने दार लावले त्या दिवशी घराने ते लावले नव्हते; म्हणून त्या मुलीस दाराशी उभे राहता आले.

आमच्या घरातील निर्णय याच विचाराने झाला, असे म्हटले तर ते थोडे शोभिवंत होईल. निर्णय केला तो थोरल्या वहिनींनी, आणि तोही एका व्यावहारिक प्रश्नाने. त्या म्हणाल्या, “तिने जावे हे खरे, पण हंगामाच्या तीन महिन्यांत ती रात्री नऊच्या आत घरी यावयाची नाही. तिच्या पाळ्या कोण करणार?” एकत्र कुटुंबात मुलीच्या विद्येस शब्दाने विरोध कोणी करीत नाही, विरोध करतात त्या पाळ्या. सोमवारची भाजी, गुरुवारचा संध्याकाळचा स्वयंपाक, आजीची रात्रीची औषधे, पाहुण्यांचा चहा: या लहानलहान कामांचा गिलावा असा घट्ट असतो, की त्यातून पाच वर्षे सोडवून घेणे भल्याभल्यांस साधत नाही. मुलगी हुशार होती पण पुढे काही केले नाही, असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते, त्यांच्या घरच्या पाळ्या कोणी मोजल्या आहेत काय?

वहिनींनी एक कागद घेतला आणि अकराही माणसांची नावे लिहिली. गुरुवारचा स्वयंपाक थोरल्या बंधूंच्या मुलाकडे गेला. तो बावीस वर्षांचा आहे आणि त्यास डाळ शिजविता येत नव्हती. औषधांचे काम आम्ही घेतले. सोमवारची भाजी स्वतः थोरल्या बंधूंनी मागून घेतली, अर्थात चिरण्यापुरती. तो कागद शीतकपाटाच्या दारावर लावलेला आहे, आणि पहिला हंगाम त्यावर पार पडला. गुरुवारची आमटी पहिल्या महिन्यात दोनदा दडदडीत झाली. तिसऱ्या वेळी चिंच केव्हा घालावी हे चुलत बहिणीने त्यास दूरध्वनीवरून प्रयोगशाळेतूनच सांगितले, कारणासह. तेव्हापासून आमटी चांगली होते.